मठातली दुसरी पंगत

‘मावशी, परवाचं बांगड्याचं तिखलं एक नंबर होतं हां,’ लतिका म्हणाली, आणि लिफ्टचं दार मिटलं. मी चौदाव्यावर आत शिरले होते, हातात तीन पुडांचा डबा, जायचं होतं एकोणिसाव्यावर. लतिका म्हणजे आमच्या टॉवरचे जिने आणि पॅसेज झाडणारी पोरगी. आता तिखलं केलं होतं मीच, पण ते केलं होतं रमाबाईसाठी. लतिकाला मी आजवर साधा चहासुद्धा पाजला नव्हता. ‘तुला कुणी दिलं गं तिखलं?’ मी विचारलं. ‘एकोणीसच्या आजींनी. त्या रोजच देतात ना. डबा उघडतपण नाहीत. घे म्हणतात, गरम आहे तोवर खा, आणि नीट घासून आण.’ ‘आणि स्वतः काय खातात?’ ‘चहा-पाव. कधी कधी नुसता चहा.’ रमा माझ्याच वयाची, तरी ती आजी आणि मी मावशी, याचं मला इतके दिवस बरं वाटायचं. तेवढ्यात एकोणिसावा आला, लतिका बादली घेऊन उतरली, आणि मी तशीच आत उभी राहिले. दार परत मिटलं. खालून कुणीतरी बटण दाबलं असणार, लिफ्ट मला घेऊन उतरायला लागली. नऊ दिवस मी हा डबा वर नेत होते. रोज संध्याकाळी तो लख्ख घासलेला परत मिळायचा, आणि मी मनाशी म्हणायचे, बघा, मालन आली आणि बाई जेवायला लागली.

चौदाव्यावर उतरून मी घर उघडलं, डबा ओट्यावर ठेवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. माझं असं आहे की मला आधी राग येतो. कशाचंही काहीही होवो, पहिला राग, मग त्याच्यामागून जे काय यायचं ते येतं. पस्तीस वर्षं खानावळ चालवलेली बाई मी. नायगावच्या बीडीडी चाळीत, तळमजल्याला, दहा बाय सोळाच्या खोलीत रोज चाळीस माणसं जेवून उठायची. दहा-दहाच्या चार पंगती, दोन्ही वेळा. गिरण्या होत्या तोवर गिरणीवाले, त्या बंद पडल्यावर हॉस्पिटलवाले, कोर्टातले कारकून, बसचे कंडक्टर. माझं वाढलेलं ताट कुणी तसंच सारून उठलं असं झालं नाही. एकदाच झालं, त्याकडे येते मी. तर अशा माझ्या हातचं जेवण नऊ दिवस रमाने झाडूवालीला दिलं, आणि मला दारातून रोज सांगितलं, ‘ठेव तिथे, जेवते मी.’ दार चार बोटं उघडं. साखळी लावलेली. मी म्हटलं, टॉवरमध्ये राहायला आली आणि टॉवरवाली झाली.

रमा म्हणजे चाळीत आमच्या समोरची खोली. मधे व्हरांडा, इकडे आम्ही, तिकडे ते. चाळीस वर्षं. माझा वैभव आणि तिचा बुद्धभूषण एकाच पाटीवर शिकले म्हटलं तरी चालेल. तिचा नवरा गेला, माझे आनंदा गेले, मग चाळ पाडायची ठरली, आम्ही चारपाच वर्षं संक्रमण शिबिरात काढली, आणि गेल्या दिवाळीआधी टॉवरच्या चाव्या मिळाल्या. चिठ्ठीत मला चौदावा मजला लागला, तिला एकोणिसावा. पाच मजल्यांनी काय होतंय, मी म्हटलं होतं. उन्हाळ्यात मी वैभवकडे हॉलंडला गेले, दोन महिने राहून आले, आणि आले तर ही अशी. गालफडं बसलेली, साडी अंगावर टांगल्यासारखी. बुद्धभूषण बदलापूरला असतो, पोरगा वाईट नाही, रविवार चुकवत नाही. त्याने कर्जतला एक आश्रम बघून ठेवलाय. चार वेळा खायला देतात म्हणे, डॉक्टर असतो, बाग आहे. मंगळवारी त्याचा फोन आला. ‘मालनमावशी, तिथली खाट रविवारपर्यंतच धरून ठेवणारेत ते. आई जेवत नसेल तर मला नेलंच पाहिजे. जेवत असेल तर राहू दे, माझी काय हौस आहे का.’ मी म्हटलं, ‘जेवतेय रे. मी आहे ना.’ तो म्हणाला, ‘तुमच्या डब्यावरच जगतेय ती.’ हे ऐकून मी फुशारले. फुशारले म्हणजे फुशारलेच, खोटं कशाला बोलू. आज शुक्रवार. कर्जतला गेली तर रमा परत येणार नाही हे मला माझ्या पायाच्या अंगठ्याइतकं स्वच्छ दिसत होतं.

खिडकीतून खाली भोईवाड्याकडची अजून न पाडलेली कौलं दिसतात, त्यांच्याकडे बघत बसले, आणि बसल्या बसल्या तो मठ डोक्यात आला. आला म्हणजे काय, गेले दोन महिने तो माझ्या मागेच लागलाय. वैभव राहतो रॉटरडॅमजवळ. एका शनिवारी म्हणाला, आई, चल, तुला मिडलबर्गला नेतो, समुद्राकडचं गाव आहे, आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा मठ आहे. मी म्हटलं, मठ कसला बघायचा, मासळीबाजार दाखव. पण गेलो. सून मेघना घरी राहिली, तिला मीटिंग होती शनिवारची. गाव म्हणजे एकदम पुसून ठेवल्यासारखं, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, माणूसही तसा बेताचाच. कमानीतून आत गेलो तर मोठं चौक-अंगण, दगडी गोटे बसवलेलं, मधे झाडं, आणि चहूबाजूंनी विटांच्या इमारती, निमुळती काळी छपरं. एका कोपऱ्यात उंचच उंच मनोरा. त्याला ती लोकं लांब जान म्हणतात, जान हे तिकडचं माणसाचं नाव, म्हणजे आपण लंबू म्हणतो तसं. त्या लंबूच्या पोटात घंटा आहेत, दर पाव तासाने गाणं वाजवतात. मी चौकात उभी राहिले आणि पहिलं काय बघितलं असेल? धुराडी. किती धुराडी आहेत, कुठल्या बाजूला आहेत. वैभव म्हणाला, आई, इकडे बघ, हे बांधकाम बघ. मी म्हटलं, बांधकाम तू बघ, मी यांचं स्वयंपाकघर शोधतेय.

आम्हाला फिरवायला एक बाई होती, सत्तरीची, काटकुळी, पांढरे केस बॉय कट, पायात माझ्या नातवासारखे बूट. ती बोलायची इंग्रजी, वैभव मला मराठीत सांगायचा, अर्धं गाळून. मी त्याला म्हटलं, गाळू नको, सगळं सांग, मला समजतं. तर त्या मठात साधू राहायचे, पांढऱ्या कपड्यांतले. सगळे पुरुष. बायका नाहीत, पोरंबाळं नाहीत. दिवसातून सातआठ वेळा घंटा व्हायची, घंटा झाली की उठायचं, प्रार्थना, घंटा झाली की काम, घंटा झाली की जेवण. एका दालनात ओळीने झोपायचे. स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही, फार तर एक पेटी. वैभव मला हे असं सांगत होता जसं काही मी कधी ऐकलंच नाही, आणि मला हसू यायला लागलं. म्हटलं, अरे, हे तर आपले गाळेवाले. गावकीची खोली. कुडाळ-कणकवलीकडची वीस-वीस माणसं एका खोलीत, बायका-पोरं गावी, प्रत्येकाची एक ट्रंक, भोंगा झाला की पहिली पाळी उठायची, तिच्या अंथरुणावर तिसरी पाळी येऊन पडायची, अंथरूण कधी थंड झालं नाही. मी आयुष्यभर साधूंनाच जेवायला घातलंय की. वैभवने ते त्या बाईला सांगितलं. ती थांबली आणि माझ्याकडे नीट बघायला लागली. तोवर ती मला म्हातारी पाहुणी समजत होती. मग तिने विचारलं, तुम्ही किती लोकांचं करायचा? चाळीस, मी म्हटलं, बोटं दाखवून. ती म्हणाली, इथेही साधारण तेवढेच असतील. तिथून पुढे आमचं जमलं.

मग काय, मीच तिला फिरवायला लागले. चौकाच्या पलीकडे एक छोटी बाग आहे, तिच्या चारी बाजूंनी कमानींचा व्हरांडा, फरशी झिजलेली, सावली गार. आमच्या चाळीच्या व्हरांड्यात असायची तशीच, मे महिन्यातसुद्धा. त्या व्हरांड्यात मी हाताने भिंत चाचपत गेले. ती म्हणाली, जेवणघर बहुतेक या बाजूला असावं. मी म्हटलं, मग स्वयंपाकघर त्या कोपऱ्याला. कशावरून? अहो, पाणी उताराकडे जातं, मोरी तिकडेच काढणार, आणि वाढणाऱ्याने गरम टोप घेऊन किती लांब चालायचं? तिने पिशवीतून नकाशा काढला, चष्मा लावला, मान हलवली, असेल, असेल म्हणाली. साधू जेवताना बोलायचे नाहीत म्हणे, एकजण उभा राहून पोथी वाचायचा. हे मला पटलं. पाळीवरून आलेला माणूस बोलत नाही. पहिली भाकरी पोटात जाईपर्यंत चाळीसच्या चाळीस मुके, नुसता ताटांचा आवाज, दुसरीला कुणीतरी म्हणतं, आज सार आंबट झालंय, की समजायचं पोट भरायला लागलं. हेही मी सांगितलं. मग ती म्हणाली, हे सगळं चाळीस साली लढाईत जळलं, नंतर जसंच्या तसं परत बांधलं. मी वैभवला म्हटलं, म्हणजे रीडेव्हलपमेंट. विचार तिला, जुन्या राहणाऱ्यांना खोल्या परत मिळाल्या का? वैभव नको म्हणत होता तरी त्याला विचारायला लावलं. ती खळखळून हसली. साधूंना तर त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीच हुसकून लावलं होतं, धर्मावरून भांडणं झाली तेव्हा. आता तिथे जिल्ह्याचं सरकारी ऑफिस आहे आणि म्युझियम. मी म्हटलं, आमचं बरं मग. आम्ही आहोत.

आणि मग मी विचारलं, रांधायचं कोण? प्रश्न साधा होता. चाळीस माणसं प्रार्थना करतात, पोथ्या लिहितात, बरोबर, पण चाळीस जणांचं पीठ कोण मळतं? ती बाई म्हणाली, ते वेगळे. त्यांना सेवक-बंधू म्हणायचे. तेही मठातलेच, त्यांनीही देवाला वाहून घेतलेलं, पण बहुतेक गरिबाघरचे, अक्षरओळख नसलेले. त्यांचे कपडे वेगळे. देवळात ते मागे उभे राहायचे, पुढच्या लोकांत नाही. शेत, गुरं, कपडे, भांडी, सगळं त्यांच्याकडे. मी म्हटलं, आणि जेवायचे कुठे? वैभवने विचारलं, ऐकून घेतलं, आणि मला म्हणाला, ‘त्यांची पंगत वेगळी बसायची, आई. दुसरी.’ मी म्हटलं, देव एकच ना दोघांचा? हो, एकच. मग? ती बाई खांदे उडवून काहीतरी म्हणाली. वैभव म्हणाला, ‘पद्धत होती, म्हणते.’ मी तोंड उघडलं होतं. मला तिला चांगलं सुनवायचं होतं, की ही कसली तुमची पद्धत, एका घरात दोन पंगती. माझ्या जिभेवर आलं होतं, आणि तिथेच अडकलं. वैभव म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, पाय दुखतायत. कमानीखाली दगडी कट्टा होता, त्यावर बसले. ती बाई पाणी घेऊन आली. वर लंबूच्या घंटा वाजत होत्या, एवढं गोड वाजवत होत्या की मला वैताग आला.

रमा आमच्या खानावळीत आली ती माझी सासू काशीबाई असताना. तिच्या नवऱ्याची गिरणी संपानंतर पहिल्या झटक्यात बंद झाली होती, बुद्धभूषण कडेवर. सासूबाई म्हणाल्या, रमा, तू मासळी बघ. बाजारातून आलेली पाटी रमाच्या पुढ्यात जायची. बांगडे, मांदेली, पेडवे, तिच्यासारखी साफ करणारी मी अजून बघितलेली नाही, कोळणींत सुद्धा. तांदूळ निवडायचे, नारळ खवायचे, भांडी घासायची. चुलीकडे मी. पाणी भरायला मी, पीठ मळायला मी, वाढायला आनंदा. असं ठरवून कुणी सांगितलं नव्हतं. रमा बौद्ध, आम्ही मराठे, जेवायला येणारे सगळे आमच्या गावाकडचे. त्यांना साफ केलेली मासळी चालायची, शिजवलेली चालली नसती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तोंडाने बोलत नव्हतं. दुपारी शेवटची पंगत उठली की मी रमाचं ताट वाढायचे, भरपूर वाढायचे, माशाचा मधला तुकडा तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. ती ताटावर फडकं टाकायची आणि व्हरांडा ओलांडून आपल्या खोलीत जाऊन जेवायची. मला वाटायचं, तिला घरी निवांत जेवायला आवडतं. खरंच वाटायचं का? वाटवून घेतलं होतं. चाळीतल्या बायका मला म्हणायच्या, मालन, तू तिला किती सांभाळतेस. आणि मीही ते ऐकून घ्यायचे.

एकदा मला टायफॉइड झाला. सासूबाई तेव्हा गेल्या होत्या, खानावळ माझी होती, माझा शब्द चालत होता. पहिल्या दिवशी मी उठूच शकले नाही. रमा आली, माझ्या कपाळाला हात लावला, पदर खोचला आणि काटवटीला बसली. चाळीस माणसांच्या भाकऱ्या एकटीने थापल्या. मी पलंगावरून बघत होते. तिची भाकरी माझ्यापेक्षा पातळ, काठ एकसारखा, टम्म फुगायची. पहिली पंगत जेवून उठली, खूश होती. दुसऱ्या पंगतीत विठोबा होता, देवगडकडचा, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. त्याने भाकरी हातात घेतली, उलटून बघितली, आणि म्हणाला, ‘ही वहिनीच्या हातची नाय.’ आनंदा काही बोलले नाहीत. विठोबाने ताट सारलं आणि उठला. त्याच्यामागून आणखी दोघे. बाकीचे खाली मान घालून जेवत राहिले. रमा तव्यापाशी होती, तिने वळून बघितलं नाही, तव्यावरची भाकरी उलटली. दुसऱ्या दिवशी मी एकशे दोन तापात उठले, भिंत धरून चुलीपाशी गेले आणि तिला म्हटलं, ‘तू राहू दे गं. तुझे हात भाजतील.’ ती माझ्याकडे बघत राहिली. ज्या बाईने कालच चाळीस जणांच्या भाकऱ्या थापल्या तिचे हात भाजतील. मग ‘बरं’ म्हणाली, आणि मासळीच्या पाटीकडे गेली. विठोबा परत जेवायला यायला लागला. मी त्याला वाढत राहिले. नंतर वर्षांमागून वर्षं गेली, तो मेला, ते सगळे गेले, डबे न्यायला येणाऱ्या पोरांना कुणाच्या हातचं काय याची पडलेलीही नव्हती, तरी चुलीपाशी मीच आणि मोरीपाशी रमाच. कोण अडवत होतं मला? कुणीसुद्धा नाही. सवय झाली होती, आणि सवय माझ्या सोयीची होती. त्या मठातल्या कट्ट्यावर बसून मला पहिल्यांदा दिसलं की त्या गोष्टीतली पांढऱ्या कपड्यांतली मी आहे. वैभवने माझा फोटो काढला तिथे. फोटोत मी चांगली दिसते.

खुर्चीतून उठले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. एवढं कळल्यावर माणसाने काय करावं? रडत बसणं मला जमत नाही. नऊ दिवस मी केलं काय होतं? पुन्हा तेच. हॉलंडहून येताना विमानात ठरवलं होतं की रमाशी बोलायचं, आणि बोलायच्या ऐवजी डबा भरला. मला दुसरं येतंच काय? तिच्या घरात तिचा स्वतःचा ओटा, स्वतःचा गॅस, आणि मी दारात ताट घेऊन उभी, झाकलेलं, भरपूर वाढलेलं, माशाचा मधला तुकडा घालून. लतिकाला तरी बरं झालं. मी डबा उचलला. भूक लागली होती, सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं पोटात, आणि डब्यात कोळंबीचं सार होतं. एक घास घ्यावा असं वाटलं. घेतला नाही. बाहेर येऊन जिन्यात हाक मारली. लतिका सोळाव्यावरून खाली आली. तिच्या हातात डबा दिला. ‘आज इथूनच घे,’ मी म्हटलं. ‘आणि घासू नकोस, मी घासते.’ पोरगी माझ्याकडे बघत राहिली, आणि मी लिफ्टमध्ये शिरले, रिकाम्या हातांनी. चाळीस वर्षांत रमाच्या घरी मी रिकाम्या हातांनी गेले नव्हते. आणि तिच्या घरी कधी जेवलेही नव्हते. चहा घेतलाय, बुद्धभूषणच्या लग्नातला लाडू खाल्लाय, पण ताट मांडून बसले नाही. हे मला लिफ्टमध्ये एकदम लक्षात आलं. एकोणिसाव्यावर उतरले.

बेल वाजवली. ‘कोण?’ ‘मालन.’ दार चार बोटं उघडलं, साखळी ताणली. तिने आधी माझे हात बघितले. ‘डबा कुठाय?’

‘आणला नाही.’

‘बरं केलंस. जेवले मी.’

‘मी नाही जेवले,’ मी म्हटलं. ‘मला भूक लागलीय, रमा. जेवायला वाढ.’

मला वाटलं दार लावते आता. मग साखळी काढल्याचा आवाज आला. आत गेले. घर स्वच्छ, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, ताजं फूल, ओटा कोरडा खडखडीत. त्यावर अर्धा पाव, कागदात. ती ओट्याला टेकून उभी राहिली, हातांची घडी. किती बारीक झाली होती, पण नजर तीच, मासळीवर धरायची तशी. ‘घरात काही नाही,’ ती म्हणाली. ‘पीठ असेल वाटीभर. मसूर असेल.’

‘चालेल.’

‘माझ्या हातची चालेल?’

हे तिने अगदी हळू विचारलं, आणि मला सगळं बोलायचं होतं ते एका दमात आलं, त्यात काही तयारी नव्हती. ‘तुझे हात भाजतील म्हणाले होते मी. ते खोटं होतं. विठोबासाठी बोलले होते. विठोबा मेल्यावर कुणासाठी बोलत राहिले ते मला सांगता येणार नाही. माझं चुकलं, रमा.’

‘ठाऊक आहे,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशीच ठाऊक होतं.’

‘मग बोलली का नाहीस कधी?’

‘मी कशाला बोलू? खोटं तू बोलली होतीस.’

ती पुढे म्हणाली, ‘हे घर मिळालं तेव्हा मला वाटलं, आता मालनला बोलवीन, बसवीन, वाढीन. तू हॉलंडला गेलीस. आलीस ती डबाच घेऊन. रोज. मी काय तुझी गिऱ्हाईक आहे?’ ‘नाही.’ ‘आणि दिलंच शेवटी, तर त्या पोरीला दिलं. टाकलं नाही. तुझं अन्न मी कधी टाकलं नाही.’ ‘आणि स्वतःसाठी का करत नाहीस?’ मी विचारलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. ‘एकटीसाठी एक भाकरी थापायची,’ ती म्हणाली, ‘हात उचलत नाही गं.’ मी तिच्याजवळ गेले नाही. जवळ गेले असते तर मी पदर खोचून पीठ काढलं असतं, मला माझी खात्री नाही. मी खाली बसले, भिंतीला पाठ लावून, पंगतीला बसतात तशी.

ती ओट्याकडे वळली. खालच्या खणातून काटवट काढली. काटवट जुनी, चाळीतली, मी कधी बघितली नव्हती, तिच्या घरातली होती ना. पाणी उकळायला ठेवलं. मसूर धुतली. मला दोनदा उठावंसं वाटलं, एकदा मिठाचा डबा दिसत होता म्हणून आणि एकदा गॅस मोठा होता म्हणून. दोन्ही वेळा बसले. तिने उकड काढली, मळायला घेतली, हळूहळू लय आली. थापण्याचा तो आवाज मला ओळखू आला. पहिली भाकरी तव्यावर पडली, पाणी फिरवलं, उलटली, आणि फुगली. ताट माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, ‘जेव.’ मी म्हटलं, ‘तू?’ ‘दुसरी होऊ दे, बसते.’ पहिला घास घेतला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही, गरम आहे म्हटलं, आणि ती म्हणाली, हो, गरमच असते. दुसरी भाकरी झाली. ती माझ्यासमोर बसली, तिच्या ताटात अर्धी मोडून घेतली आणि जेवायला लागली. पहिली भाकरी संपेपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही. मग मी म्हटलं, मसुरीत आमसूल जास्त पडलंय. ती म्हणाली, तुझ्या भाकऱ्या कायम जाड असायच्या, चाळीस वर्षं सांगीन सांगीन म्हणत होते.

तिसरी मी मागितली तेव्हा तिने पिठाचा डबा उघडून तळ दाखवला. खरवडून एक झाली, तिची आम्ही अर्धी-अर्धी केली. मग तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि ओट्यावरचा फोन घेऊन बुद्धभूषणला लावला. मी ताट उचलायला गेले तर हाताने मला बसवलं. ‘बुद्धा,’ ती म्हणाली. ‘रविवारी ये, पण गाडी नको आणू. त्या कर्जतवाल्यांना सांग, खाट दुसऱ्या कुणाला द्या.’ तिकडून तो काहीतरी बोलत होता, बराच वेळ. ती ऐकत होती आणि माझ्या ताटाकडे बघत होती. ‘ऐक,’ ती म्हणाली. ‘येताना तांदळाचं पीठ आण. पाच किलो. हो, पाच. नाही रे, मला एकटीला कशाला लागतंय एवढं. मालन जेवायला येते.’